पिन कुणासाठी तुटते?

उथळ पाण्यातल्या बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बदलायचा तर कोणता घ्यावा, हे अनसिंगच्या माणसाला विचारणं म्हणजे विनोदच. आमच्याकडे पाणी विहिरीत नाहीतर बोअरमध्ये. पण हॉस्टेलमधला रूममेट मालवणजवळच्या देवबागचा, घरची पर्यटकांची बोट, आणि मी 'इंजिनिअर'. (कॉम्प्युटरचा, हे तो सोयीस्कर विसरतो.)

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. मुखाशी वाळूचे पट्टे आहेत. पर्यटक ज्याला त्सुनामी आयलंड म्हणतात तोही त्यातलाच. ओहोटीला पंखा तळाला घासतो, कधी कशावर तरी आपटतो. ॲल्युमिनियमचा पंखा वाळूत झिजतो, आपटला की वाकतो. स्टेनलेस स्टीलचा टिकतो, पण किंमत कितीतरी पट. मित्राला स्टीलच हवा होता. एकदाच खर्च, कटकट संपली.

मी ॲल्युमिनियम म्हणालो. पंखा वाकला नाही म्हणून धक्का कुठे विरून जात नाही, तो दांड्यातून गिअरपर्यंत पोचतो. म्हणूनच बऱ्याच लहान आउटबोर्ड इंजिनांत पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक मऊ पिन असते आणि मोठ्यांत पंख्याच्या मध्यभागी रबर. पिन बसवलेलीच असते तुटण्यासाठी. हे मला वावरातून माहीत. रोटाव्हेटरमध्ये दगड अडकला की शिअर बोल्ट तुटतो. पेरणीच्या घाईत सारखा बोल्ट कोण बदलणार म्हणून कुणीतरी तिथे कडक बोल्ट ठोकतो, आणि पुढच्या दगडाची गाठ थेट गिअरबॉक्सशी पडते. डीपीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालणारेही याच पंथाचे. फक्त तिथे जळतो तो ट्रान्सफॉर्मर अख्ख्या गावाचा असतो.

इथपर्यंत मी फोनवर छान बोलत होतो. मग त्याने विचारलं, "पिन तुटली तेव्हा बोटीत दहा माणसं असली आणि ओहोटी लागलेली असली, तर काय करू रे?"

ट्रॅक्टर वावरात बंद पडला तर जागेवर उभा राहतो. बोट उभी राहत नाही. मुखाशी ओहोटीचं पाणी तिला बाहेर ओढतं. पिन इंजिन वाचवते. माणसांचं काय, हे तिच्या कामात येत नाही. तुटायची जागा ठरवताना कुणाचं नुकसान टळणार आणि ते कुणावर जाणार हेही ठरतं, पण तेवढा भाग आम्ही इंजिनिअर मोठ्याने बोलत नाही. सॉफ्टवेअरमध्येही 'सर्किट ब्रेकर' असतो: मागची सिस्टिम दमली की तो नव्या विनंत्या परत पाठवतो. सर्व्हर वाचतो; दवाखान्याच्या काउंटरवर पैसे भरत असलेल्या माणसाला 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढंच दिसतं. टीममध्येही एक पिन असते, बहुधा कंत्राटावरचा सगळ्यात नवा पोरगा. तो बदलायला स्वस्त असतो. धातूच्या पिनला विचारायची गरज नसते. त्यालाही कुणी विचारलेलं नसतं.

मत मी बदललं नाही. ॲल्युमिनियमच घे, म्हणालो. बोट भरलेली चालते, तर पिच थोडा कमी, पण इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत राहतील एवढाच. सुटी पिन, पक्कड, वल्हं बोटीतच ठेव. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर. आणि नांगर हाताशी.

नांगर घरी ठेवलाय, तो म्हणाला. पर्यटकांच्या पायात येतो.