वाळूच्या टेकड्यांची बखरकार

१९२०च्या दशकात ‘हार्पर्स’ मासिकाच्या कथास्पर्धेत नेब्रास्का विद्यापीठातल्या एका प्रौढ विद्यार्थिनीच्या कथेची दखल घेतली गेली. बातमी गावाकडे पोचली, तेव्हा बापाने तिला एका ओळीचे पत्र धाडले. त्याच्या लेखी लेखक आणि कलावंत म्हणजे समाजाला लागलेली कीड होती. १९२८ साली हाच बाप मरणाला टेकला आणि तिला म्हणाला, माझे आयुष्य तू का लिहीत नाहीस?

मुलीचे नाव मारी सँडोझ. बापाचे ज्यूल्स. स्वित्झर्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून तो १८८४ साली नेब्रास्काच्या वायव्य कोपऱ्यात आला. विहीर खणताना दोर तुटून खाली कोसळला आणि एक पाय कायमचा अधू झाला. पण माणूस हटला नाही. तिथल्या वाळूच्या टेकड्यांच्या ज्या मुलखात गवताखेरीज काही उगवणार नाही असे गुराखी छातीठोकपणे सांगत, तिथे त्याने फळबागा उभ्या केल्या आणि युरोपातून माणसे बोलावून वस्त्या वसवल्या. मोठ्या गुरेमालकांशी तो बंदूक घेऊन भांडला. घरात मात्र तो बायकोपोरांना मारत असे. मारीची आई ही त्याची चौथी बायको.

सहा भावंडांत थोरली असलेली मारी १८९६ साली जन्मली. शाळेत जाईपर्यंत तिला स्विस जर्मनच येत होते. लहानपणी तिची गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा बापाने तिला तळघरात कोंडले. किशोरवयात वादळानंतर बर्फात गाडली गेलेली गुरे उकरून काढताना बर्फावरच्या उन्हाच्या तिरिपेने तिची एका डोळ्याची दृष्टी गेली. शिक्षण आठवीपर्यंत, अठराव्या वर्षी लग्न, १९१९ साली घटस्फोट, मग लिंकन शहर. हायस्कूलचा दाखला नसताना तिने विद्यापीठात शिरकाव करून घेतला.

‘ओल्ड ज्यूल्स’ हे बापाचे चरित्र प्रकाशकांकडून एकामागून एक परत आले. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, अर्धपोटी आणि आजारी मारीने आपल्या कथांची सत्तरएक हस्तलिखिते परसात जाळली आणि ती गावी परतली. ‘ओल्ड ज्यूल्स’चे हस्तलिखित मात्र तिने राखले होते. पूर्वी ते नाकारणाऱ्या बॉस्टनच्या ‘अटलांटिक’नेच १९३५ साली त्याला पाच हजार डॉलरचे पारितोषिक दिले.

संपादकांशी पत्रांतून चाललेली खरी लढाई इथून सुरू होते. संपादकांना पुस्तक हवे होते, पण त्यातली भाषा खटकत होती. पश्चिमेच्या कुरणांवरचे वाक्प्रचार, बापाच्या तोंडची शिवराळ बोली आणि वाक्यांची ओबडधोबड चाल यांना पूर्वेकडच्या इंग्रजीची इस्त्री करायची होती. नवख्या लेखिकेने पारितोषिकाच्या आनंदात मान डोलावली असती, तर कुणी दोष दिला नसता. तिने लांबलचक पत्रे लिहून एकेका शब्दासाठी हुज्जत घातली. पुढेही प्रकाशक बदलले, तरी भांडण तेच राहिले. प्रमाणभाषा आणि बोली यांचा वाद ज्यांनी मराठीत जवळून पाहिला आहे, त्यांना ही पत्रे परकी वाटणार नाहीत.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. वि. का. राजवाडे यांनी बखरींवर अविश्वास दाखवला आणि समकालीन अस्सल पत्रांना मान दिला. सँडोझची पुस्तके बखरीच्या कुळातली आहेत. पात्रे बोलतात, प्रसंग डोळ्यांपुढे घडतात. ‘क्रेझी हॉर्स’ (१९४२) हे ओग्लाला लाकोटा योद्ध्याचे चरित्र तर तिने त्याच्या लोकांच्याच नजरेतून, त्यांच्या बोलण्याच्या लयीत लिहिले. इतिहासकारांनी त्यातल्या संवादांवर बोट ठेवले, आणि ते योग्यच होते. १८७७ साली फोर्ट रॉबिन्सन येथे मारल्या गेलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे कुणाला ठाऊक?

पण हे सारे हवेतून आलेले नव्हते. १९३० साली मारी आणि तिची मैत्रीण एलेनॉर हिनमन मोटारीने पाइन रिज आणि रोझबड या राखीव प्रदेशांत गेल्या. क्रेझी हॉर्सचा जिवलग मित्र ‘ही डॉग’ तेव्हा अतिशय म्हातारा झाला होता. दुभाष्याच्या मदतीने त्यांनी त्याच्या आठवणी टिपल्या. चरित्र खरे तर हिनमन लिहिणार होती. तिने तो विषय आणि आपले टिपण मारीच्या हवाली केले. अशी उदारता अभ्यासकांत दुर्मीळच! सरकारी कागदपत्रे, नकाशे, मुलाखती यांतून मारीने टिपणपत्रांचा प्रचंड साठा जमवला आणि पत्रांतून येणाऱ्या शंकांना ती त्याच्या आधाराने उत्तरे देई. बखर तिची आणि अस्सल पत्रेही तिचीच, असा हा दुर्मीळ योग.

स्वभाव मात्र गोड नव्हता. १९३९ साली ‘कॅपिटल सिटी’ ही कादंबरी आली. तिच्यातल्या काल्पनिक राजधानीत लिंकनकरांना आपलेच तोंड दिसले आणि शिव्यांची पत्रे सुरू झाली. पुढच्या वर्षी मारी डेन्व्हरला गेली आणि नंतर न्यूयॉर्कला. कुरणांचा इतिहास तिने त्या महानगरात बसून लिहिला. त्यावर हसणारे असतील, पण मोठी ग्रंथालये आणि प्रकाशक तिथेच होते.

१९५३ सालचे ‘शायेन ऑटम’ हे तिचे सर्वांत हेलावणारे पुस्तक. १८७८ साली उत्तर शायेनांचे सुमारे तीनशे लोक, बायकापोरांसह, सक्तीने धाडलेल्या मुलखातून निसटून आपल्या उत्तरेकडच्या भूमीकडे निघाले. सैन्य मागे लागले. फोर्ट रॉबिन्सनमध्ये कोंडलेल्यांनी जानेवारी १८७९च्या कडाक्यात बराकी फोडल्या आणि त्यांतले कितीतरी बर्फात मारले गेले. जॉन फोर्डने १९६४ साली यावर चित्रपट काढला. मोठ्या भूमिकांत रिकार्डो माँटलबान, डोलोरेस डेल रिओ असे मेक्सिकन तारे आणि गर्दीत नावाहो माणसे. शायेन कुठेच नाहीत. मारीला तो मुळीच आवडला नाही.

१९६६ साली कर्करोगाने तिचे निधन झाले. निवडक पत्रांचा ग्रंथ हेलन विंटर स्टॉफर यांच्या संपादनाखाली १९९२ साली नेब्रास्का विद्यापीठाने छापला. ‘क्रेझी हॉर्स’मधले संवाद पुरावा म्हणून कुणी उद्धृत करू नयेत. पण ‘ओल्ड ज्यूल्स’ आणि ही पत्रे शेजारी ठेवून वाचली, तर जुलमी बापाला न झाकता आणि न फासावर देता कागदावर उभे करणे किती अवघड असते, ते कळते. अमेरिकेच्या सरहद्दीवर लिहिलेल्या चरित्रांत ‘ओल्ड ज्यूल्स’ला वरचे स्थान द्यायला हवे.