गप्प बसणे म्हणजे अदब काय?

आपल्या घरांतून मुलाचे कौतुक करायचे झाले की एक वाक्य हमखास ऐकू येते, 'भोत सीदा बच्चा है, आवाज तक नहीं निकालता.' पाहुण्यांसमोर कोपऱ्यात बसणारे, ताटात पडेल ते मुकाट्याने खाणारे, कुणी रागावले तरी मान खाली घालणारे मूल गुणी ठरते. शाळेतही फारसे वेगळे नाही. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी कराव्यात असे ठरले. या नोंदींत 'शांत', 'आज्ञाधारक', 'शिस्तप्रिय' हे शब्द पानोपानी भेटतात. 'राग आला तर शब्दांत सांगतो', 'एकट्या पडलेल्या मुलाला खेळात घेतो' अशी नोंद क्वचितच दिसते. म्हणून आम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. मुलाची शांतता आपल्याला आवडते ती त्याच्या भल्यासाठी, की आपल्या सोयीसाठी?

बी.एड.च्या मानसशास्त्रात 'समायोजन' नावाचे एक प्रकरण असते. स्वतःच्या गरजा आणि भोवतालच्या अपेक्षा यांचा मेळ घालणे, असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे तराजूला दोन पारडी आहेत. व्यवहारात मात्र आपण एकच पारडे पाहतो. मुलाने घराशी, वर्गाशी, रीतिरिवाजाशी जुळवून घेतले की समायोजन झाले असे मानतो. त्याच्या मनातल्या गरजेचे, भीतीचे, रुसव्याचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्व-जाणीव, समानुभूती, प्रभावी संप्रेषण, आंतरव्यक्ती संबंध, भावनांचे समायोजन, ताणतणावाचे समायोजन, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, चिकित्सक विचार आणि सर्जनशील विचार अशी ही यादी आहे. तीत 'गप्प बसणे' हे कौशल्य नाही.

यावर आपल्याकडे एक आक्षेप ठरलेला असतो. ही सारी पाश्चात्त्यांची फॅडे आहेत, आपल्याला आपली तहजीब पुरेशी आहे, असे वडीलधारे म्हणतात. तहजीब पुरेशी आहे हे आम्हालाही मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे, की तिचा अर्थ आपण नीट लावतो काय?

सहीह बुखारीत एक हदीस आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासमोर पेय आणले गेले. त्यांच्या उजव्या हाताला एक लहान मुलगा बसला होता आणि डाव्या हाताला वयोवृद्ध मंडळी. रिवाज उजवीकडून देण्याचा. प्रेषितांनी त्या मुलाला विचारले, की आधी या मोठ्यांना देण्याची तू परवानगी देतोस काय? मुलगा म्हणाला, आपल्याकडून मला मिळणारा वाटा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. प्रेषितांनी पेला त्याच्या हाती दिला.

हा प्रसंग आपण वाचतो आणि पुढे जातो. जरा थांबून पाहिले तर त्यात केवढे तरी शिक्षणशास्त्र आहे. मोठ्यांचा मान राखावा ही इच्छा तिथे होती, पण तो मान मुलाच्या हक्कातून परस्पर कापून घेतला गेला नाही. मुलाला विचारले गेले. त्याने 'नाही' म्हटले आणि त्याच्या 'नाही'ला किंमत मिळाली. मुलानेही पेला हिसकावला नाही, कुणाचा अपमान केला नाही, आपले म्हणणे कारणासहित सांगितले. आज ज्याला आपण सामाजिक कौशल्य म्हणतो ते याहून वेगळे काय आहे?

दुसरा प्रसंग हजरत अनस (र.) यांच्या धाकट्या भावाचा. अबू उमैर या नावाने तो ओळखला जाई. त्याने पाळलेला छोटा पक्षी मेला आणि तो खट्टू होऊन बसला. प्रेषितांनी त्याच्याजवळ त्या पक्ष्याची चौकशी केली. एवढ्या मोठ्या जबाबदाऱ्या वाहणाऱ्या माणसाला एका पोराचे पाखराचे दुःख क्षुल्लक वाटले नाही. आपण मात्र 'इतक्याशा गोष्टीवर काय रडतोस, मर्द बन' असे म्हणून मोकळे होतो.

इमाम गझाली यांचे निधन ११११ साली झाले. 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात ते मुलाला आईबापांकडे सोपवलेली अमानत म्हणतात. मुलाची पहिली चूक चारचौघांत उघडी पाडू नये, मकतबातून सुटल्यावर त्याला खेळू द्यावे, नाहीतर त्याचे मन मरून जाते, असेही ते बजावतात. शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास यांना मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ आपल्याकडे २००९ साली आले. त्याच्या कितीतरी आधी ही समज आपल्या परंपरेत होती.

मग ती हरवली कुठे? आमच्या मते 'लिहाज' आणि 'धाक' यांतील फरक आपण विसरलो. लिहाज म्हणजे समोरच्याच्या मनाची कदर. ती आतून येते आणि आपण नसतानाही टिकते. धाक बाहेरून येतो आणि पाठ फिरताच संपतो. वर्गात दोन मुले भांडली, की 'माफी मांगो, गले मिलो' असे फर्मावण्याची रीत सर्वत्र आहे. मुले गळाभेट घेतात, पुटपुटतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा भिडतात. माफी ही सुटकेसाठी मोजायची चिल्लर आहे, एवढेच ती शिकतात. याऐवजी दोघांना समोरासमोर बसवून 'समोरच्याची तक्रार काय आहे, ती तू सांग' असे म्हटले, तर वेळ जास्त लागतो. पण दुसऱ्याची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडताना रागाची धार बोथट होते, आणि माफीचा शब्द उशिरा आला तरी तो खरा असतो.

मुलांच्या गप्प राहण्यामागे आणखी एक कारण आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत जी मुले होती ती आज पालक आहेत. 'किसी के मुँह मत लगना' हा त्यांचा उपदेश भित्रेपणातून येत नाही, मायेतून येतो. त्याला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण क्रिकेटचा सामना सुरू असताना कुणी आपल्या मुलाला 'तुझी टीम हरली' म्हणून डिवचले, तर त्याने काय करावे? त्याला दोनच वाटा ठाऊक असतात. गिळून टाकायचे किंवा हात उचलायचा. गिळलेला अपमान कुठे जात नाही. तो पोटदुखी होतो, शाळेला दांडी होतो, धाकट्या बहिणीवर निघतो. तिसरी वाट शब्दांची आहे. 'तू असे बोललास, मला वाईट वाटले, पुन्हा बोलू नकोस' हे ताठ मानेने आणि शिवी न देता सांगणे. ही वाट कुणी शिकवल्याशिवाय सापडत नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांना तर ती अधिकच लागते. दहावीपर्यंत ती आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांत असतात. अकरावीला एकदम मराठी किंवा इंग्रजीत शिकवणाऱ्या वर्गात जाऊन बसतात. तिथे ती मागच्या बाकावर जातात, तेव्हा लोक म्हणतात, भाषा येत नाही. ते पूर्ण खरे नाही. मराठी ती शाळेत वर्षानुवर्षे शिकलेली असतात, कित्येकांच्या घरातच ती बोलली जाते. भाषा येते, बोलण्याची सवय नसते. 'मायूस' हा शब्दही त्यांच्याजवळ असतो आणि 'हिरमुसणे'ही. दोन भाषांचे भावनांचे धन जवळ असून ते खर्च करण्याची मुभा त्यांना मिळालेली नसते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०१२ मध्ये बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा झाला. पण कायद्याचे दार ठोठवायला आधी कुणाला तरी तोंड उघडावे लागते. जिने घरात कधी 'मला हे नको' म्हटले नाही, म्हटले तेव्हा जिला 'जबान चलाती है' असे ऐकावे लागले, ती नेमक्या वेळी आपल्या अम्मीजवळ तरी बोलेल काय? आपण तिला हया शिकवतो, ते योग्यच आहे. हयेचा अर्थ अन्याय लपवणे असा मात्र नव्हे.

बोलू दिले तर मुले उद्धट होतील, ही भीती उरतेच. ती अगदीच निराधार नाही. बोलणे आणि फटकळपणा यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखायला शिकवणे हेच मोठ्यांचे काम. पण ज्याला बोलूच दिले नाही, त्याला कसे बोलावे हे शिकवणार तरी कधी? पोहणे काठावर बसवून शिकवता येत नाही.

यासाठी मोठ्या योजना लागत नाहीत. हजेरी घेताना 'आज कोण नाराज आहे?' असे विचारता येते. दस्तरखानावर सर्वांत लहान मुलाचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकता येते. त्याची गोष्ट मान्य करणे शक्य नसेल, तर का शक्य नाही हे सांगता येते. सगळे हट्ट पुरवावेत असे आम्ही म्हणत नाही. त्याला विचारावे, त्याचे ऐकावे आणि मग निर्णय घ्यावा, इतकेच. ज्या मुलाचे घरात ऐकले जाते, ते पुढे दुसऱ्याचे ऐकून घेते. अमानत सांभाळणाऱ्याने ती जशी हाती आली तशीच जिवंत ठेवायची असते. मुलाचा आवाजही त्या अमानतीचाच भाग आहे.