न दिसणारे दुखणे

काही वर्षांपूर्वी माझ्या आईचा खांदा दुखू लागला. वेणी घालायला हात वर नेणेही तिला जड जाई. फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. "फोटोत तर काहीच नाही, आई. तू उगाच मनाला लावून घेतेस," असे मी बोलून गेलो. त्या दिवसापासून तिने खांद्याचे नाव काढले नाही. दुखणे थांबले नव्हते, सांगणे तेवढे थांबले होते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे : जे आपल्याला दिसत नाही, ते केवळ दुसरा सांगतो म्हणून खरे मानावे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. क्ष-किरणांच्या फोटोत मुख्यतः हाडे दिसतात. स्नायूंतील वेदना त्यात उमटत नाही. शिवाय स्नायूची कळ पुष्कळदा भलत्याच जागी जाणवते. १९३८ साली केलग्रेन या डॉक्टरांनी स्नायूंत मिठाचे तीव्र पाणी टोचून पाहिले, तेव्हा नितंबाच्या स्नायूत टोचले असता कळ पायात उतरली. म्हणजे दुखणाऱ्याने दाखवलेली जागा चुकीची ठरली, तरी त्याचे दुखणे खोटे ठरत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२० मध्ये आपली जुनी व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट म्हटले की, वेदना हा नेहमीच ज्याचा त्याचा अनुभव असतो आणि माणूस ती सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

यावर कोणी म्हणेल, "असे प्रत्येकाचे ऐकत बसलो, तर दुखण्याचे लाडच होतील." हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण दुखण्यावर विश्वास ठेवणे वेगळे आणि दुखण्याच्या भीतीवर विश्वास ठेवणे वेगळे. आत काहीतरी तुटले आहे, या भीतीने आईने हात हलवणेच सोडले, आणि खांदा अधिकच आखडला. दुखते म्हणजे दर वेळी इजा होतेच असे नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवे होते. परंतु ज्याने तिचे दुखणेच खोटे ठरवले, त्याचा हा सल्ला ती कशी ऐकणार? आधी विश्वास, मग सल्ला, हाच क्रम योग्य आहे.

सल्ला साधाच असतो : गरम शेक, हलक्या हाताने चोळणे, पुरेशी झोप आणि सोसेल तेवढी हालचाल रोज थोडी थोडी वाढवणे. मात्र हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, ताप आला किंवा दुखण्याबरोबर छातीत दडपण वाटून घाम सुटला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनाही हे उपयोगी पडेल. काही मुलांचे पाय रात्री दुखतात आणि सकाळी ती उड्या मारतात. वडील माणसे म्हणतात, "सोंग करतो." पण लहानपणी असे दुखणे पुष्कळांना होते, सकाळी ते नसते म्हणून रात्री नव्हते असे नाही. ज्या मुलाला आपण लबाड म्हणतो, ते पुढच्या खऱ्या संकटातही आपल्याकडे येणार नाही.

पुढे मी आईजवळ चूक कबूल केली. ती काही बोलली नाही. पण त्या रात्री तिने खांद्याला शेक देण्यासाठी मला हाक मारली.