शरीराची अमानत आणि निर्धाराचे टिकणे



वजन कमी करण्याचा निश्चय करणे फारसे अवघड नाही. तो महिन्याभरानंतरही जिवंत ठेवणे अवघड आहे. डॉक्टरांनी रक्तातील साखर वाढल्याचे सांगितले की दुसऱ्या दिवशी फजरनंतर फिरणे सुरू होते, चहा बिनसाखरेचा होतो. पंधरा दिवसांत काटा थोडा खाली येतो आणि मग तेथेच अडून बसतो. त्याच आठवड्यात एखादा वलीमा येतो, आग्रह होतो आणि मन सांगू लागते की हे आपल्याच्याने होणार नाही. अशा वेळी आपण स्वतःला विचारले पाहिजे, हे सारे आपण कशासाठी करीत होतो?

पुष्कळदा खरे उत्तर असते, लोकांसाठी. लग्नकार्यात कोणी टोमणा मारला आणि तो मनाला लागला. परंतु टोमण्यातून आलेले बळ टोमण्याच्या आठवणीइतकेच टिकते. शिवाय अशी टवाळी करणाऱ्याने सूरह अल-हुजुरात आठवावी. तेथे एकमेकांची खिल्ली उडविण्यास स्पष्ट मनाई आहे. प्रेषितांच्या घरातील रीत पाहा. अबू दाऊदच्या संग्रहात आदरणीय आयशा (रजि.) यांचे कथन आहे. एका प्रवासात त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली व जिंकली. पुढे त्यांचे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली. त्या वेळी प्रेषित (स.) पुढे गेले आणि मागच्या शर्यतीची ही फेड झाली, असे कौतुकाने म्हणाले. अंगावरून बोचणारा एक शब्दही त्यांनी काढला नाही.

मोमिनाच्या निर्धाराला लोकांच्या नजरेपेक्षा भक्कम आधार हवा, आणि तो अमानतीच्या जाणिवेत आहे. हे शरीर अल्लाहने काही काळासाठी आपल्या हवाली केले आहे. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई एकाच आयतीत दिली आहे. पोटाचे तीन भाग करून एक अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. या नीयतीने ज्याने आज अर्धी भाकरी कमी खाल्ली, त्याचे आजचे काम आजच पूर्ण झाले. काट्यावरचा आकडा त्याच्या ताब्यात नाही. घास मात्र आहे.

काटा अडतो त्यात आपला दोष असतोच असे नाही. वजन घटले की शरीराला लागणारी ऊर्जाही घटते. म्हणून तेवढेच खाणे व तेवढेच चालणे पूर्वीइतके फळ देत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 भारतीयांचा एक अभ्यास चेन्नईच्या संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केला. आहार व व्यायाम सांभाळणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी आढळले, आणि तेही त्यांचे वजन विशेष उतरले नसताना! काटा गप्प असला तरी मेहनत वाया जात नसते.

दुसरा धोका अतिउत्साहाचा. आदरणीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवीत व रात्रभर नमाज पढत. तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे बजावून प्रेषितांनी त्यांना सवलत दिली. तरी त्यांनी अधिकच मागितले. म्हातारपणी मात्र, ती सवलत स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे ते म्हणत. थोडे असले तरी नित्य घडणारे कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, ही हदीस आपण नेहमी ऐकतो. ती ताटालाही लागू आहे.

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून येणारी पूर्णा हा विस्तीर्ण जलाशय एका रात्रीत भरीत नाही. भरलेले पाणीही कोणी एकदम सोडून देत नाही. वीजगृहातून ते खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी शेतांपर्यंत पोचते. अंगावरची चरबीही अशीच वर्षानुवर्षे, घासाघासाने साठलेली असते. ती एका महिन्यात उतरावी हा हट्ट कशाला?

म्हणून पेलेल एवढेच ठरवा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. मशीद जवळ असेल तर मोटारसायकल घरी ठेवा. नमाजसाठी टाकलेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य आहे. सोमवार व गुरुवारचे रोजे सुन्नत आहेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. दिवसभर उपाशी राहून इफ्तारला तळलेल्या पदार्थांनी पोट भरले, तर संयमाचा धडा संध्याकाळीच विसरला जातो.

घरातील पुरुषांनो, आपल्या आई, पत्नी, बहिणीला फिरायला वेळ मिळतो काय, हेही पाहा. तिच्यासोबत चाला, तिच्या हातचे एक काम आपण उचला. आग्रह करणाऱ्यांनो, नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढू नका.

एखादा दिवस चुकेल. पापानंतरही तौबाचे दार उघडे असते, मग एका जेवणाने निराश का व्हावे? पुढच्या जेवणापासून पुन्हा आरंभ करा.

अल्लाह आपणा सर्वांना या अमानतीचा हक्क अदा करण्याची व त्यावर टिकून राहण्याची शक्ती देवो. आमीन.