पक्की मांड



विश्वास आधी मनात यावा लागतो की आधी अंगात? हा प्रश्न पुस्तकात सहजी सुटत नाही. घोड्यावर बसायला शिकणाऱ्याकडे पाहिले तर तो थोडा उलगडतो.

आपल्या वऱ्हाडात बहुतेकांची घोडेस्वारी वरातीपुरतीच. नवरदेव अंग चोरून बसलेला आणि लगाम घोडेवाल्याच्या हातात. तेथे भरवसा असतो तो घोडेवाल्यावर, घोड्यावर नव्हे. खरे शिकायला गेलेला माणूस मात्र पहिल्या दिवशी पुढे वाकतो, गुडघ्यांनी घोड्याला आवळतो, त्याच्या टाचा वर उचलल्या जातात आणि तोल गेला की तो लगामाला लटकतो. पडू नये म्हणून तो हे सारे करतो आणि त्यानेच पडायची वेळ येते. कारण पायांनी आवळणे म्हणजे घोड्याला ‘चल’ आणि लगाम ओढणे म्हणजे ‘थांब’. दोन्ही हुकूम एकाच वेळी! घोडा बिथरतो, स्वार आणखी घाबरतो, पकड आणखी घट्ट होते.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात (स्थापना १९१४) मल्लखांब करणारी मुले आपण पाहिली असतील. तेथे मांड्यांची पकड सुटली की मुलगा खाली आलाच. पण मल्लखांब लाकडाचा; कितीही आवळा, त्याला दुखत नाही. घोड्याला अंगावर बसलेली माशीदेखील कळते. त्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कडी तेथे, नाजूक हिरडीवर टेकते. याकोबाच्या पत्रातला लगाम आपण नेहमी स्वाराच्या बाजूने वाचतो. एकदा घोड्याच्या बाजूनेही वाचावा.

मग बसावे कसे? कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत, गुडघे सैल, भार टाचेत, नजर घोड्याच्या कानांमधून समोर. सांगायला सोपे आहे. चांगला शिक्षक नवशिक्याला शांत स्वभावाचा घोडा देतो, त्याला लांब दोर लावून गोल फिरवतो, आणि स्वाराच्या हातातला लगाम व पायातली रिकीब काढून घेतो. ‘हात पसरा,’ म्हणतो. धरायला काही उरत नाही. भीती अजून गेलेली नसते, पण अंगाने मात्र विश्वास ठेवलेला असतो. न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो, असे ॲरिस्टॉटल मानत असे. विश्वासाचेही मला तसेच वाटते. तो वाटेपर्यंत थांबलात तर घोड्यावर बसणेच व्हायचे नाही.

अशी मांड बसली की मगच लगाम हाती मिळतो, कारण आता तो तोल सावरायला लागत नाही. धरून ठेवणे आणि विश्वास ठेवणे यांत हाच फरक आहे. अकोल्यात शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलाला दिवसातून सहा फोन करणारी आई म्हणते, ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे.’ असेलही. पण तोल तिचा जातो आहे आणि हिसका मुलाला बसतो आहे. नवरा-बायकोत हे किती चालते, ते तुम्ही मला सांगायला नको.

याचा अर्थ लगाम सोडून द्यावा असा नाही. साडेचारशे-पाचशे किलोचे, दचकले की पळत सुटणारे ते जनावर. लगाम हातात हवाच, पण हलका. सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. जबरदस्तीने करवून घेतलेले घोड्याला समजत नाही आणि ते सुंदरही दिसत नाही, असे त्याचे मत. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. त्यांत मुंबईचा हृदय छेडा होता. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेले सुवर्ण. या प्रकारात घोडा ठरलेल्या चाली करतो आणि स्वाराचा इशारा पाहणाऱ्याला जवळजवळ दिसत नाही.

उलट, वर्षानुवर्षे हिसके खाल्लेला घोडा तोंडाचा निबर होतो. ओढले तरी त्याला कळत नाही, मग लोक अधिक जोराने ओढतात. जाणकार माणूस अशा घोड्याच्या तोंडातली कडी काढून टाकतो आणि नुसत्या दोरावर, हलक्या हाताने, त्याला पुन्हा पहिल्यापासून चालवायला लागतो.