अकरा महिन्यांचे घर

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, आणि त्या खडखडाटाच्या मागोमाग जी माणसे पोटासाठी पंचगंगेच्या काठी येत राहिली, त्यांतील कित्येकांची सारी हयात भाड्याच्या खोलीत गेली. मजुरी मीटरवर, हात थांबला की तीही थांबते, खोलीचे भाडे मात्र थांबत नाही. म्हातारपणी श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा पंधराशे रुपये मिळाले, तर त्यातून भाडे भागवावे की औषध आणावे, हा प्रश्न उरतोच.

पैशाहून मोठा प्रश्न खोलीच्या अकरा महिन्यांच्या मुदतीचा आहे. पेशवाईतील गावगाड्यात मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची आणि उपऱ्याची कसणूक मुदतीची असे; तरीही उजाड गाव वसवावयाचे किंवा नवी पेठ उभारावयाची झाल्यास सरकार रयतेस कौल देई, म्हणजे इतकी वर्षे अमुक अटींवर निर्धास्त राहा, असे लेखी अभय देई. ज्यांच्या श्रमावर हे नगर वसले, त्यांना वार्धक्यात असा कौल कोणी दिला आहे?

घरमालकाला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. आपले माग भंगारात विकून मागल्या दोन खोल्यांच्या भाड्यावर प्रपंच चालविणारा खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणारा मागवालाही, म्हातारा झालेला असतो. 'म्हातारं माणूस, उद्या काही झालं तर बघायचं कुणी?' या त्याच्या बोलण्यात निर्दयतेपेक्षा भय अधिक असते. आणि भाडेकरूचा हक्क लागेल, ही १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासूनची धास्ती त्याच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

वास्तविक त्या धास्तीचे कारण आता उरलेले नाही. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांच्या कराराची वहिवाट पडली. परंतु महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने, करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, आणि लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपताच राहती जागा परत मिळण्याची तरतूदही त्यातच केली. म्हणजे कारण संपले, वहिवाट राहिली. आणि तिच्यापायी सत्तरीचे जोडपे बोचकी बांधून नव्या गल्लीत जाते. तिथे उधारीवर औषध देणारा दुकानदार ओळखीचा नसतो, रात्री छातीत कळ आली तर हाक मारावी असे दार नसते, आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावरचा पत्ता बदलण्यासाठी पुन्हा कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. पण त्याची दृष्टी मुख्यतः मुलांच्या कर्तव्याकडे, म्हाताऱ्यांनी मुलांच्या नावे केलेल्या मालमत्तेकडे आणि निराधारांच्या वृद्धाश्रमांकडे आहे. ज्याला नावावर करावयास घर नाही आणि जो वृद्धाश्रमात जाण्याइतका निराधारही नाही, असा भाडे भरून राहणारा म्हातारा त्या दृष्टीच्या कडेला उभा राहतो.

म्हणून इचलकरंजीतील खोलीमालकांपाशी माझी विनंती आहे. ज्या वृद्धाने आजवर भाडे थकविले नाही, त्याचा करार पुढल्या खेपेस नोंदविताना मुदतीच्या रकान्यात अकराच्या जागी साठ महिने लिहावेत.