अजिंठ्याच्या अंधारातली लेन्स

लेन्सचा शार्पनेस मोजायची रीत ठरलेली आहे. सपाट तक्ता, भरपूर उजेड, ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला कॅमेरा. मग एका मिलिमीटरात काळ्या-पांढऱ्या रेषांच्या किती जोड्या सुट्या दिसतात ते पाहायचं. एफ ८ च्या आसपास बहुतेक चांगल्या लेन्स इथे उनीस-बीसच ठरतात. फरक उघडा पडतो तो ॲपर्चर पूर्ण उघडल्यावर, आणि तोही आधी कोपऱ्यांत.

छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर हा एफ ८ कामाचा नाही. दिवे मंद, फ्लॅशला बंदी. उघडं ॲपर्चर, चढवलेला आयएसओ आणि रोखलेला श्वास, एवढंच हाती. हात किंचित हलला की दहा हजारांची आणि लाखाची लेन्स एकाच पंगतीत बसतात.

समजा ट्रायपॉडची परवानगी मिळाली, लेन्सही अव्वल आहे. ती टिपते काय? १९२० साली निजाम सरकारनं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना चित्रांच्या जतनासाठी बोलावलं. त्यांनी सुटू लागलेले रंगाचे थर भिंतीला पुन्हा धरून दिले, पण लाखेचा जो लेप दिला तो पुढे पिवळा पडला. त्याआधी नकला उतरवणाऱ्यांनीही भिंतींना वार्निश फासलं होतंच. लेन्स जितकी धारदार, तितके या लेपांचे तडे ठळक. चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचं आणि तपशील विसाव्या शतकाचा!

मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून इथल्या चित्रांच्या नकला करत होते. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी लेण्यांचे स्टिरिओ फोटोही काढले. ते १८६४ मध्ये पुस्तकरूपानं आले. आजच्या तक्त्यावर त्यांची लेन्स नापास होईल बहुधा. त्या काळची लेणी पाहायला मात्र तेच फोटो उघडावे लागतात. पुढे १९९०च्या दशकात बेनॉय बहल यांनी झगझगीत दिवे न लावता, आहे त्या अंधुक उजेडात ही चित्रं टिपली, आणि भिंतीवरचे रंग लोकांना नव्यानं दिसले.

म्हणून इथे मी रेषांच्या जोड्या मोजत नाही. सावलीतला गेरू आणि त्याला चिकटलेली काजळी लेन्स वेगळी दाखवते का, एवढंच पाहतो. त्यात काचेवरच्या कोटिंगचा वाटा मोठा असतो. अजिंठ्याला निघालात तर ५० मिलिमीटरची एफ १.८ ची स्वस्त लेन्स पुरेल. फ्लॅश घरीच ठेवा.